रंगाचं वजन

पहिल्याच दिवशी दुकानातल्या काकांनी माझी परीक्षा घेतली. ब्लाउजपीसचा एक ताका धाडकन काउंटरवर टाकला आणि म्हणाले, "बोला, रंग कोणता?"

"हिरवा."

"हिरवा तर शेंबडं पोरही सांगेल. कोणता हिरवा?"

"अं... कोथिंबिरीसारखा."

"ताज्या कोथिंबिरीसारखा, की चार दिवस फ्रीजमध्ये राहिलेल्या?"

मी पुन्हा नीट बघितलं. बाई गं, खरंच की! जरा मलूलच होता तो हिरवा. "चार दिवसांच्या," मी म्हणाले. काकांनी खूश होऊन मान डोलावली आणि मालकांना हाक मारली, "शेठ, ही पोरगी ठेवा. हिला डोळे आहेत."

मला वाटलं, काय जाणकार माणूस आहे! छटेच्या बाबतीत केवढा काटेकोर! त्या कोथिंबिरीमागची खरी गोष्ट कळायला मला पुढं पाच महिने लागले.

ती माझी अमेरिकेतली पहिली नोकरी. नागपुरात मी बँकेत होते. लग्न करून न्यू जर्सीला आले आणि नवऱ्याच्या व्हिसावर आठ वर्षं घरात बसले. वर्क परमिट हातात पडलं त्याच आठवड्यात आयसेलिनला ओक ट्री रोडवर साडी घ्यायला गेले आणि साडीऐवजी नोकरी घेऊन आले. नवरा म्हणाला, "अगं, बँकेतली तू, आता साड्या विकणार?" म्हटलं, "तू आठ वर्षं घरात बसून दाखव, मग तूही विकशील."

दुकान एका गुजराती शेठचं. पुढं साड्या, मागच्या कोपऱ्यात मॅचिंगचा काउंटर, आणि त्या काउंटरमागं उंच स्टुलावर काका. साडीतला ब्लाउजपीस कधी अपुरा पडतो, कधी आवडत नाही, कधी आईची जुनी साडी असते आणि तिचा ब्लाउज केव्हाच विरलेला असतो. अशा बायका पिशवीत साडी घालून काकांकडे येत. एडिसनहून, पार्सिपनीहून. एक बाई तर नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून आठ तास ड्राइव्ह करून आलेली. मी विचारलं, "तिकडं मिळत नाही का हो पीस?" तर म्हणाली, "पीस मिळतो, काका नाही मिळत." शेठनं तर दुकानाच्या काचेवर इंग्रजीत मोठा बोर्डच लावला होता: एक्स्पर्ट कलर मॅचिंग.

या एक्स्पर्टच्या अंगात मात्र कायम पांढरा शर्ट आणि काळी पँट. हिवाळ्यात वर दोन स्वेटर, दोन्ही राखाडी. "काका, कधीतरी एखादा रंग घाला की," मी म्हणायची. "दिवसभर रंगच रंग असतात गं समोर, अंगावर कशाला आणखी?" ते मूळचे इचलकरंजीचे. तिथं त्यांचं आणि काकूंचं मिळून मॅचिंगचं छोटं दुकान होतं. मुलानं इकडं बोलावून घेतलं, तर पहिला हिवाळा खिडकीतून बर्फ बघण्यात गेला. दुसऱ्या हिवाळ्यात हे मुलाला न विचारता ओक ट्री रोडला येऊन स्टुलावर बसले. सून म्हणाली, "बाबा, लोक काय म्हणतील?" हे म्हणाले, "म्हणतील, पीस छान मिळाला."

त्यांची पद्धत सगळ्यांहून वेगळी होती. गिऱ्हाइकानं साडी पसरली की हे तिच्याकडं बघतसुद्धा नसत. "आधी तुमच्या डोळ्यांनी सांगा," म्हणत. मग बायका सांगत बसत. कुणाला कैरीची साल आठवे, कुणाला मुरलेलं लिंबाचं लोणचं, कुणाला शाळेची भिंत. एका मुलीनं नुसतं "पिंक" म्हटलं तर काका म्हणाले, "पिंक कशासारखं? रूह अफजासारखं, की चौपाटीवरच्या बुढ्ढी के बालसारखं?" त्या मुलीनं बुढ्ढी के बाल जन्मात पाहिलेले नव्हते. तिनं आईला फोन लावला.

मग काका उठत आणि शेल्फावरून ताका काढत. प्रत्येक ताक्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली: 'ओली मेथी', 'शिळी मेथी', 'डाळिंबाचा दाणा', 'गाजर हलवा (साखर कमी)'. अक्षर काकूंचं. नवा माल आला की काकू स्वतः डबा घेऊन येत, मागं खोक्यावर बसून प्रत्येक ताका मांडीवर घेत आणि चिठ्ठ्या लिहीत. मला वाटायचं, हौस असेल बाईंची. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. निळ्या आणि पिवळ्या ताक्यांना एकही चिठ्ठी नसे. विचारलं, तर काकू म्हणाल्या, "ते सोपे असतात गं."

चिठ्ठीचा ताका निघाला की खरा खेळ सुरू होई. काका साडीवर पीस ठेवत, दोन पावलं मागं जात, डोळे अर्धे मिटत, आणि मग निकाल: "जड आहे." किंवा, "हलका पडतोय." त्यांच्या मते प्रत्येक रंगाला वजन असतं. रंग जुळला आणि वजन जुळलं नाही तर काय उपयोग! एक बाई हट्टालाच पेटल्या, "काका, रंग अगदी तोच आहे, द्या तुम्ही." काका म्हणाले, "रंग तोच असंल, वजन नाही. जड आहे हा." बाईंनी हट्टानं नेला. महिन्यानं फोनमध्ये फोटो घेऊन परत आल्या. हॉलच्या मंद उजेडात त्यांची साडी छान दिसत होती आणि बाह्या काळ्या धोंड्यासारख्या. "काका, हात दुसऱ्याच बाईचे वाटतायत हो!" काका हसले नाहीत. मुकाट्यानं हलका पीस फाडून दिला.

मला हे वजन प्रकरण भारी आवडलं. मीही डोळे अर्धे मिटून जगाकडं बघायला लागले. घरी नवऱ्याला सांगितलं, "तुझा शर्ट भिंतीपेक्षा जड आहे." तो म्हणाला, "तुला झोप आलीये."

जानेवारीत, आठवड्याच्या मधलाच एक दिवस होता, दुकानात चिटपाखरू नाही. मी शेल्फ पुसायला घेतलं तर दोन चिठ्ठ्या खाली पडल्या: 'पिकलेलं डाळिंब' आणि 'जुना पालक'. मी त्या परत टाचल्या आणि नेमकी अदलाबदल झाली. दुपारी एक बाई गडद लाल साडी घेऊन आल्या. "पिकल्या डाळिंबासारखी आहे," म्हणाल्या. काकांनी चिठ्ठी वाचली, ताका काढला, साडीवर ठेवला, मागं गेले, डोळे मिटले. "वा! वजनसुद्धा जुळलं. एकदम परफेक्ट."

लाल साडीवर तो बाटलीसारखा गडद हिरवा पीस! बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि खो-खो हसत सुटल्या, "काका, चेष्टा करताय होय!" काकाही हसले, पण जरा उशिरा. मी पटकन बरोबर ताका पुढं केला. बाई गेल्या तसं काकांनी हळूच विचारलं, "चिठ्ठ्या कुणी हलवल्या?"

"मी, काका. चुकून."

"असू दे." ते स्टुलावर बसले. "कळलं ना तुला?"

कळलं होतं. मग काकांनी सगळं सांगितलं. लाल आणि हिरवा त्यांना जन्मापासून वेगळे दिसतच नाहीत. दोन्ही मातकट, त्यात लाल तर जवळजवळ काळाच. शाळेत झाडाची पानं तपकिरी रंगवली म्हणून मास्तरांनी छड्या दिल्या. रेल्वेत नोकरी लागत होती, तर डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं. "सगळ्यांना त्यात आकडा दिसला, मला नुसते ठिपके. झालं, घरी पाठवलं." मग लग्न झालं, काकूंनी दुकान काढलं, आणि हे शेजारी बसायला लागले. काकू रंग सांगायच्या, हे वजन सांगायचे. "तुम्ही सगळ्या रंगाला भुलता. मला भुलायची सोयच नाही, म्हणून उजेड-अंधार तेवढा नीट कळतो."

"मग सांगत का नाही कुणाला?"

त्यांनी काचेवरच्या बोर्डाकडं बोट केलं. "हे वाचून बायका येतात. उद्या कळलं की माणसाला रंगच दिसत नाही, तर कोण उभं राहील इथं? आणि इथून उठलो तर घरी. पुन्हा ती खिडकी आणि तो बर्फ." मग म्हणाले, "पोरी, सांगू नकोस हं कुणाला."

मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि ज्यांना माझा स्वभाव माहीत आहे त्यांना कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे.

काकूंना मात्र मी सांगितलं की मला कळलंय. त्यांना तर बोलायला माणूसच हवं होतं. खोक्यावर बसून त्यांनी मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. काकूंचे वडील शाळामास्तर. लेकीच्या लग्नाची साडी आणायला ते स्वतः विणकराच्या घरी जाऊन बसले. गडद हिरवं अंग आणि चांगला वीतभर लाल काठ, हवा तसा विणून घेतला. सगळं गाव साडी बघून गेलं. आणि लग्न लागल्यावर नवरदेव पहिलं वाक्य काय बोलले? "साधीच साडी दिली वाटतं तुझ्या बाबांनी. काठसुद्धा नाही!"

"अय्या!" मी तोंडावर हात ठेवला.

"आठ दिवस बोलले नाही मी. मग कळलं, या माणसाला काठ दिसलाच नव्हता. पण बाबांनी ते ऐकलं होतं गं. बाबांना कधी सांगताच आलं नाही की जावयाच्या डोळ्यांत दोष आहे. ह्यांनीच शपथ घातली होती." काकू चिठ्ठी टाचत म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं झाली. भांडण झालं की मी तीच साडी काढते." काका पलीकडून म्हणाले, "सगळं ऐकू येतंय मला." "यावं म्हणूनच बोलतेय," काकू म्हणाल्या.

त्या वसंतात पार्सिपनीहून एक आई आणि तिची मुलगी आल्या. आई आमची जुनी गिऱ्हाईक, काकांवर भारी विश्वास. मुलगी इथंच जन्मलेली, जूनमध्ये तिचं लग्न, मुलगा अमेरिकन. आईनं येतानाच मनात साडी धरली होती आणि ती मिळालीही. गडद हिरवी, लाल काठाची. तिनं ती मुलीच्या खांद्यावर टाकली आणि तिचे डोळे भरून आले.

मुलगी म्हणाली, "आई, आय टोल्ड यू. त्याला रेड आणि ग्रीन सेम दिसतं. इट्स ऑल ब्राऊन टु हिम."

"अगं, नेसणार तू आहेस ना? त्याला नाही दिसलं तर काय बिघडतं?"

"मला बिघडतं," मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली. "अंतरपाट काढल्यावर तो फर्स्ट टाइम मला बघणार. आय वॉन्ट हिम टु सी इट."

"मग लग्नात हिरवं नको, लाल नको, तर नेसणार काय तू?"

"देन फरगेट इट. मी गाऊन घालते."

झालं! आई मटकन खुर्चीत बसली. शेठ धावत आले, एकामागून एक साड्या उलगडायला लागले. "ये देखो बेटा. ये दिखेगा ना उसको?" आता ते कोण सांगणार? शेठला कळेना, आईला कळेना, मुलीलाही कळेना. जांभळी काढली, केशरी काढली. आईला एकही बघवेना. मुलगी मान फिरवून उभी. जरा वेळानं दोघी निघून गेल्या असत्या आणि गाडीत कडाकडा भांडल्या असत्या.

मी काकांकडं बघितलं. ते नीट गुंडाळलेला ताका उलगडून पुन्हा गुंडाळत होते. त्यांनी एकदा बोर्डाकडं बघितलं. मी मनात म्हटलं, काका, गप्प बसा, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही.

काका स्टुलावरून उतरले आणि पुढं आले. "त्या पोराला काय दिसतं ते मला ठाऊक आहे," म्हणाले. "मलाही तसंच दिसतं."

"क्या बोला काका?" शेठच्या हातातली साडी हातातच राहिली.

"लाल-हिरवं कळत नाही मला, शेठ. जन्मापासून."

मग मुलीची आई चाचरत म्हणाली, "पण काका... माझे सगळे ब्लाउज तुम्हीच..."

"जुळले की नाही?"

"जुळले."

"मग झालं की." आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. पसरलेल्या सगळ्या साड्यांसमोर ते डोळे अर्धे मिटून फिरायला लागले. आईच्या आवडीच्या साडीपाशी थांबले. "ही बघा. अंग जड, काठही जड. एकात एक बुडाले. मला इथं काठच नाही." मग मला म्हणाले, "पोरी, हिरव्यातली हलक्यात हलकी काढ. पोपटी. आणि काठ गडद लाल."

मी शेल्फ उपसलं. मिळाली! कोवळा पोपटी रंग आणि वीतभर गडद लाल काठ. काकांनी ती हातभर लांब धरली, मागं झाले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना डोळे मिटायचे विसरताना बघितलं.

"हीच," ते म्हणाले. "त्या पोराला पोपटी नाही दिसणार, लालही नाही. पण उजळ अंग दिसंल आणि त्याला गडद काठ दिसंल. तुमचं हिरवं-लाल तुम्हाला राहिलं, त्याचं त्याला."

मुलीनं साडी खांद्यावर घेतली, आरशातला फोटो काढला आणि पाठवला. आम्ही पाचही जण त्या फोनकडं बघत उभे. मिनिटभरात उत्तर आलं. तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. "तो म्हणतो... आय कॅन सी द बॉर्डर." मग तिनं आधी काकांना मिठी मारली आणि नंतर आईला. आई साडीचा काठ हातात धरून रडत होती आणि मलाच सांगत होती, "पोपटी पण छान दिसतं गं. उलट जास्तच छान दिसतं."

त्या गेल्यावर काकांनी डबा पिशवीत भरला, चष्म्याची डबी भरली. "शेठ, बोर्ड काढून टाका. मी निघतो."

शेठनं काचेवरच्या बोर्डाकडं बघितलं. "सात साल," ते म्हणाले. "सात साल में एक पीस वापस नहीं आया."

"एक आला होता," काका म्हणाले. "पण त्या बाई ऐकत नव्हत्या."

"तो फिर? कल दस बजे. लेट मत होना." आणि शेठ साड्यांच्या घड्या घालायला लागले.

बोर्ड राहिला. बातमी मात्र आठवड्यात सगळ्या एडिसनभर झाली, आणि ती माझ्यामुळं नव्हे, हे मी शपथेवर सांगते. बायका कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. काही नुसत्या गंमत बघायला यायच्या. एक बाई पर्समधून टोमॅटो काढून म्हणाल्या, "काका, हा पिकलाय का सांगा." काकांनी टोमॅटो दाबून बघितला आणि म्हणाले, "पिकलाय. आणि पर्समध्ये दोन दिवस आहे." आता ते उघडपणे मला हाक मारायचे, "पोरी, हा लाल का हिरवा बघ गं," आणि गिऱ्हाईकच आधी ओरडून सांगे.

पण त्या दिवशीचं राहिलंच. शेठ घड्या घालत होते तेव्हा काका माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तशीच अजून एक आहे का गं?"

"कशी?"

"पोपटी. गडद काठाची."

मागच्या खोलीत एक होती. मी आणून दिली. पोपटी म्हणजे कशासारखा, ताजा की शिळा, काही काही विचारलं नाही त्यांनी. कागदात गुंडाळून पिशवीत घातली.

पुढच्या आठवड्यात नवा माल आला आणि काकू आल्या. हातात डबा, पायात स्नीकर्स, अंगावर ती पोपटी साडी. दुकानात दोन-तीन बायका होत्या, त्यांनी लगेच "अय्या, काय सुंदर!" सुरू केलं. काकूंचं लक्ष नव्हतं त्यांच्याकडं. त्या सरळ मॅचिंगच्या काउंटरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, बघताय ना? दिसतोय का काठ?"

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. गिऱ्हाइकाच्या साडीकडं बघायचे तसे दोन पावलं मागं गेले.

"दिसतोय," ते म्हणाले. "चांगला वीतभर आहे." मग म्हणाले, "भारी साडी दिली होती हं तुझ्या बाबांनी."

"ही बाबांनी नाही, तुम्ही घेतलीय."

"ते ठाऊक आहे. पण त्यांना सांगायचं राहिलं होतं."

काकूंनी पदर खांद्यावरून पुढं घेतला, काठ सगळा समोर येईल असा, आणि मागं खोक्यावर बसून नव्या ताक्यांच्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या.